मागच्या सीटवरचा वाढदिवस

आमची गाडी छोटी आहे. ती पाहिल्यावर लोक म्हणतात, "पार्किंगला बरी." ज्या गाडीबद्दल दुसरं काही चांगलं सुचत नाही तिच्याबद्दल लोक हेच म्हणतात, हे आता मला ठाऊक झालंय.

ती आणली माझ्या नवऱ्याने. शोरूममधला सेल्समन उत्साहाने एकेक खुबी दाखवत होता आणि नवरा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता, "एव्हरेज किती देते?" मुलीने रंगाचं विचारलं तर म्हणाला, "रंगावर पेट्रोल वाचत नाही." शेवटी जो रंग लवकर मिळत होता तो आला. शोरूममध्ये त्याचं नाव चांगलं भारदस्त होतं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मात्र तिला पहिल्या दिवसापासून "गुळाची ढेप" म्हणतात.

स्टेअरिंगच्या मागे एक आकडा दिसतो. गाडी लिटरला किती धावतेय ते तो सांगतो. नवऱ्याचा जीव त्या आकड्यात. एसी लावला की आकडा पडतो. काचा पूर्ण उघडल्या की वारा आत भरतो, त्यानेही म्हणे पडतो. म्हणून आम्ही मे महिन्यातसुद्धा चार बोटं काच उघडी ठेवून, घाम पुसत, अतिशय काटकसरीने कल्याणला जात असू. पत्रीपुलावरून उतरताना तो गाडी न्यूट्रलला टाकायचा आणि खाली पोचेपर्यंत कोणी बोललेलं त्याला चालायचं नाही. एकदा कल्याणच्या बाजारातून मी तांदळाचं पोतं घेतलं, तर हा डिकी उघडून नुसता उभा.

"हे टेम्पोने आणायचं ना."

"टेम्पोवाला पैसे घेतो."

"गाडीपण घेते. फक्त सांगत नाही," तो म्हणाला, आणि घरी येईपर्यंत आकड्याकडे बघून उसासे टाकत राहिला.

आणखी एक गोष्ट. मुलगी लहान असताना मागच्या दोन्ही दारांना चाइल्ड लॉक लावलं होतं. ते पुढे अडकून बसलं. दुरुस्तीला नेली की ते पाच गोष्टी काढतात, या भीतीने नवऱ्याने ते तसंच राहू दिलं. त्यामुळे आमच्या गाडीत मागे बसलेला माणूस स्वतःहून उतरू शकत नाही. बाहेरून कोणीतरी दार उघडावं लागतं. आम्हाला सवय झाली. पाहुणे मात्र दोनतीनदा हँडल खेचून पाहत आणि मग कसनुसं हसत आमची वाट बघत बसत.

आता सासूबाईंबद्दल. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून वॉर्डातलाच आहे. हळू, मऊ, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असा. नवरा ऑफिसला गाडी नेत नाही. मला ती चालवता येत नाही. शिकायला गेलेले, पण समोरून बस आली की मी डोळे मिटायचे, म्हणून शिकवणाऱ्यानेच मला हात जोडले. तेव्हा आठवडाभर गाडी खाली कव्हर घालून उभी. सासूबाई गॅलरीतून तिच्याकडे बघत बसायच्या.

"आमच्या दवाखान्यात अशीच एक ॲम्ब्युलन्स होती," एकदा जेवताना त्या म्हणाल्या. "खराब होईल म्हणून वापरायचे नाहीत. उभ्या उभ्याच गेली बिचारी."

"आई, गाडीला काही होत नाही," नवरा म्हणाला.

"नाही कसं? रोज थोडं चालायलाच हवं. मी शिकते."

आम्हाला वाटलं, थट्टा. आठवडाभरात त्या ड्रायव्हिंग क्लासला जायला लागल्या. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, वय पासष्ट. शिकवणारा तिशीचा होता. पहिल्या दिवशी तो "काकू, ब्रेक! काकू, ब्रेक!" असं ओरडला तेव्हा यांनी शांतपणे ब्रेक मारला आणि त्याला सांगितलं, "ओरडायचं नाही. ओरडलं की पेशंट घाबरतो." पुढचा महिनाभर तो त्यांच्याशी कुजबुजल्यासारखा बोलत होता, असं क्लासमधल्या दुसऱ्या एका बाईंनी मला सांगितलं. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं.

नवऱ्याने आधी ते मानलंच नाही. मग शेजारी बसून देखरेख करायचं ठरवलं. तो डाव्या सीटवर बसून जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबायचा. सासूबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "पाय सैल सोड. सैल. अजून. हं, आता दुखणार नाही." त्या गाडी बऱ्यापैकी चालवतात. फक्त एसी पूर्ण लावतात, आकडा बघत नाहीत, आणि हॉर्न वाजवून झाल्यावर समोरच्याला काचेतून समजावून सांगतात.

आणि मग तो मे महिना आला, ज्यात मामांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती.

मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ. ते ठाण्याला वर्तकनगरात राहतात, जुन्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांच्याहून थोरली एक बहीण, आमची मावशी. ती मोहन्याला मुलाकडे असते. सासूबाई धाकट्या. तिघं भावंडं, तिघंही एका जिल्ह्यात, आणि त्यातले मामा आणि मावशी एकमेकांशी बोलत नव्हते. कित्येक वर्षं.

कारण विचाराल तर फोटो. मामांच्या मुलाच्या लग्नात घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढायचा होता. मावशी नेमक्या त्या वेळी साडीला पिन लावायला खोलीत गेलेल्या. फोटोग्राफर घाईत, मुहूर्त डोक्यावर. फोटो निघाला. अल्बम आला तेव्हा त्यात नवऱ्यामुलाची सख्खी आत्या नाही, आणि मंडप सजवणारा मात्र कोपऱ्यात स्पष्ट दिसतोय. मावशींनी फोन केला. मामा म्हणाले, "एका फोटोसाठी लग्न थांबवायचं होतं का?" मावशी म्हणाल्या, "फोटोत नाही ती घरातही नाही." फोन ठेवला तो ठेवलाच. दोघांचीही समजूत अशी की समोरच्याने आधी फोन करायला हवा.

सासूबाई मधल्या मध्ये दोन्हीकडे जायच्या, दोन्हीकडची तक्रार ऐकायच्या. लायसन्स मिळाल्यावर मात्र त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात फणसाचा वास कोंडलेला. सासूबाईंनी सांदणं केली होती. फणसाच्या रसात तांदळाचा रवा कालवून वाफवतात ती, नारळाच्या दुधाबरोबर खायची. त्यांच्या कोकणातल्या घरी मे महिन्यात हीच व्हायची म्हणे.

"आधी मोहन्याला जायचं," त्यांनी जाहीर केलं. "अक्काला घ्यायचं आणि मग ठाण्याला."

"मावशी येणारेय?" नवरा दचकला. "तिने हो म्हटलं?"

"तिला मी दुर्गाडीला नेते असं सांगितलंय. देवीला."

"आणि मामांना?"

"त्याला काहीच सांगितलेलं नाही. त्याचा वाढदिवस आहे, तो घरीच असणार."

"आज्जी, हे तर किडनॅपिंग आहे," माझी मुलगी खूश होऊन म्हणाली. ती अकरावीत आहे. तिला सुट्टीत इतकं चांगलं काही मिळालं नव्हतं.

मोहन्याला जुन्या कारखान्याच्या बाजूच्या गल्लीत मावशींचं घर आहे, तळमजल्यावर. मावशी तयार होऊन दारातच बसलेल्या. हातात ओटीची पिशवी, केसात अबोली. मावशी अंगाने चांगल्या भरलेल्या, आणि गुडघे अगदी गेलेले. त्यांना आमच्या गाडीत बसवणं हे एक कामच होतं. पुढची सीट होती तितकी मागे सरकवली. मावशी आधी पाठमोऱ्या टेकल्या, मग एक पाय मी उचलून आत ठेवला, दुसरा नवऱ्याने. सासूबाई पलीकडून त्यांचा हात धरून म्हणत होत्या, "श्वास घे. सोड. घे. हं, झालं." दार बसेना. नवऱ्याने खांदा लावला तेव्हा बसलं.

"आता बाहेर कसं काढणार मला?" मावशींनी विचारलं.

"ते मग बघू," सासूबाई म्हणाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मागे आम्ही तिघं. मावशींची सीट मागे आलेली असल्यामुळे नवऱ्याचे गुडघे त्याच्या हनुवटीला. मधे मुलगी, मांडीवर नारळाच्या दुधाची किटली. या बाजूला मी, मांडीवर सांदणांचं पातेलं, ते अजून कोमट. शहाडच्या पुलावर चढताना गाडी कण्हायला लागली. नवऱ्याने मान वाकडी करून दोन सीटच्या मधून आकडा बघितला आणि डोळे मिटून घेतले.

"एसी एकवर कर ना, आई. चढ आहे."

"अक्काला उकडतं."

थोड्या वेळाने मावशींनी नाक वर केलं. "सांदणांचा वास येतोय का गं?"

"येतोय."

"कोणासाठी?"

"देवीला."

"देवीला सांदणं? दुर्गाडीच्या?"

"तिने काय रोज नारळच खायचा?" सासूबाई म्हणाल्या आणि एका रिक्षावाल्याला हॉर्न दिला. मावशींना ते पटलेलं दिसलं नाही.

दुर्गाडीला किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी बाजूला घेतली. मावशींनी काचेतूनच वर बघून हात जोडले. सासूबाईंनी बाहेरून दार उघडून दिलं, ओटी घेऊन माझी मुलगी धावत वर गेली आणि धावत खाली आली. सगळं छान झालं. मग सासूबाईंनी गाडी सुरू केली आणि कल्याणकडे वळवायच्या ऐवजी सरळ खाडीच्या पुलावर घातली.

"अगं, मागे वळायचं ना?" मावशी म्हणाल्या.

"वळायला जागा पुढे आहे."

पूल संपला. कोनगाव आलं. वळायला जागाच जागा होती, सासूबाई काही वळल्या नाहीत.

"अगं?"

"पुढे आहे, अक्का."

पुढे राजनोली नाका आला, आणि आम्ही डावीकडे हायवेला लागलो. मावशींनी बाहेरच्या पाट्या वाचल्या. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "हा ठाण्याचा रस्ता आहे."

माझी मुलगी किटलीच्या झाकणाकडे बघत होती.

"आज तारीख काय?" मावशींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "थांबव गाडी. मी उतरते."

"हायवेवर थांबायचं नसतं. मला परीक्षेत विचारलेलं."

"तू मला फसवलंस!"

"हो," सासूबाई म्हणाल्या.

असं सरळ कबूल केल्यावर भांडण पुढे नेणं कठीण होतं. मावशींनी तोंड काचेकडे फिरवलं. ट्रक बाजूने जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी एकदा अंग झटकत होती. सासूबाईंचा पाय नकळत जड होत गेला असावा, कारण नवरा मागून एकदम ओरडला, "आई, ऐंशी झाले!"

"अठ्ठ्याहत्तर!" मावशी उसळल्या. "अजून दोन वर्षं आहेत मला!"

"तुझं नाही गं मावशी, गाडीचं!"

माझ्या मुलीला हसू आवरेना. किटली हिंदकळली आणि नारळाचं दूध नवऱ्याच्या पँटवर गेलं. त्याला पाय हलवायला जागा नव्हती. माजिवडा येईपर्यंत तो तसाच ओल्या मांडीने, छताकडे बघत बसला. एरवी त्याने सीटकव्हरचं काहीतरी म्हटलं असतं.

वर्तकनगरात मामांच्या बिल्डिंगखाली बदामाचं मोठं झाड आहे. सासूबाईंनी त्याच्या सावलीत गाडी लावली, इंजिन चालूच ठेवलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही तिघं उतरा." मग आठवण झाली की आम्ही उतरू शकत नाही. त्या स्वतः उतरल्या, मागचं दार उघडलं, आम्ही पातेल्यासकट बाहेर आलो.

"मी वर येणार नाही," मावशी आतून म्हणाल्या.

"नको येऊस. तुला तीन जिने चढतायत कुठे?"

"मी उतरणारच नाही."

"नको उतरूस."

सासूबाईंनी हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. दुसऱ्या मजल्यावरचे लोक बाहेर आले, चौथ्या मजल्यावरचे आले, आणि शेवटी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मामा आले. नवा झब्बा घातलेला, घडीच्या रेघांसकट.

"भाऊ, खाली ये!" सासूबाई ओरडल्या. "तुझं बीपी बघायचंय!"

"वर ये की! जेवण तयार आहे!"

"गाडी सोडता येत नाही! ये पटकन!"

हे काही कारण नव्हतं, पण वॉर्डातला आवाज लागला की मामाही पेशंट होतात. ते खाली आले. झाडाखाली आमच्या तिघांकडे नमस्काराच्या अपेक्षेने बघत होते तेवढ्यात त्यांची नजर गाडीत गेली. मावशी पुढच्या सीटवर, तोंडाला पदर लावून, पलीकडे बघत.

मामा थांबले. "ही कशाला आलीय?"

"देवीला निघालेली," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर ऊन आहे, आत बस. मशीन आत आहे."

"मला नाही बघायचं बीपी."

"भाऊ, पंचाहत्तरीचा माणूस आहेस. चक्कर आली तर तीन जिने कोण नेईल तुला? बस."

मामांनी वर बघितलं. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. सगळ्यांसमोर बहिणीशी हुज्जत घालणं त्यांना बरं दिसलं नसावं. ते मागच्या सीटवर बसले. सासूबाईंनी दार हळूच लोटलं, वळसा घालून आल्या, स्टेअरिंगवर बसल्या, आपलं दार लावलं, आणि चारही काचा वर केल्या.

मामांनी हँडल ओढलं. मग दुसऱ्या बाजूला सरकून तिकडचं ओढलं. मग परत पहिलं. आम्हाला बाहेरून स्पष्ट दिसत होतं. मावशी तर पुढे पक्क्या बसलेल्या, त्यांना दोन माणसं लागली असती काढायला. एकाला दार उघडेना, दुसरीला गुडघे उचलेनात, आणि सासूबाई मधे बीपीच्या मशीनचा पट्टा सोडवत होत्या.

"आता काय करायचं?" मी नवऱ्याला विचारलं.

"एसी चालू आहे," तो म्हणाला. "गाडी उभी आणि एसी चालू." त्याने जाऊन काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली.

"आई, निदान एसी तरी..."

"अरे बाहेर ऊन केवढं आहे, सावलीत उभा राहा," सासूबाई म्हणाल्या आणि काच वर गेली.

आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. फक्त दिसत होतं. आधी मामांच्या दंडाला पट्टा, मामा छताकडे बघतायत. सासूबाई काहीतरी बोलल्या. मग पट्टा मावशींना. सासूबाई पुन्हा बोलल्या. त्यावर मावशी पहिल्यांदा मागे वळायचा प्रयत्न करून बोलल्या. मामांनी हात झटकला. मावशींनी गुडघा दाखवला. मामांनी झब्बा वर करून पोटावरची ऑपरेशनची जुनी खूण दाखवली. मावशींनी डोळ्यांकडे बोट केलं. मामांनी कवळी काढून दाखवली.

"हे भांडतायत का?" माझ्या मुलीने विचारलं.

"भांडत नाहीयेत," नवरा म्हणाला. "मार्क लावतायत."

नंतर सासूबाईंनी सांगितलं ते असं. मावशींचं बीपी भावापेक्षा जास्त निघालं. मामा म्हणाले, मशीन बिघडलंय, आपलंच जास्त असतं. मावशी म्हणाल्या, मला रोज तीन गोळ्या आहेत. मामा म्हणाले, मला पाच. तिथून ते गुडघे, मोतीबिंदू, मणके असं करत करत गेलं. फोटोचं नाव कोणी काढलं नाही. कवळी पाहून मावशी म्हणाल्या, "अरे, सगळेच गेले?" मामा कवळीशिवाय म्हणाले, "शगळे." मग मावशींना हसू आलं, आणि ते हसू काही केल्या थांबेना. आम्हाला बाहेरून दिसलं ते एवढंच, की गाडी जागच्या जागी हलायला लागली.

एव्हाना मामी खाली आल्या. त्यांच्या हातात औक्षणाचं तबक, निरांजन पेटलेलं, कारण वर पाहुणे खोळंबलेले आणि उत्सवमूर्ती गायब. गाडीत वाकून त्यांनी तिघांना बघितलं. मग काचेवर टकटक केली आणि काच खाली आल्यावर तबक आत दिलं.

"वन्सं, तुम्हीच करा," त्या मावशींना म्हणाल्या. "थोरल्या आहात."

"आई, पेट्रोलची गाडी आहे!" नवरा पुढे धावला. "आत दिवा नको! आई!"

"काच लाव गं, वाऱ्याने विझेल," आतून मावशींचा आवाज आला. काच बंद.

मावशींना मागे वळता येत नव्हतं. म्हणून मामांनी दोन सीटच्या मधून डोकं पुढे घातलं. अगदी खाली, हँडब्रेकपर्यंत, आणि मान तिरकी करून कपाळ वर केलं. सासूबाईंनी तबक धरलं. मावशींनी त्या एवढ्याशा जागेत, कोपर दाराला आपटत, भावाला कुंकू लावलं, सुपारी फिरवली, अंगठी फिरवली, आणि निरांजन ओवाळलं. ओवाळताना ते आरशाला लागत होतं म्हणून अर्धगोल ओवाळलं. मामांचे डोळे मिटलेले होते. ती मान तशी ठेवून त्यांना नक्कीच दुखत असणार, पण ते ओवाळून झाल्यावरही बराच वेळ तसेच राहिले. मावशींचा हात त्यांच्या डोक्यावर होता. टकलावरून तो एकदा मागे गेला आणि परत पुढे आला.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो एसीबद्दल काही बोलत नव्हता. पँटवरचा नारळाच्या दुधाचा डाग वाळून कडक झालेला, तो नखाने खरवडत होता.

मग काच पुन्हा चार बोटं खाली आली. "सांदणं द्या."

आम्ही पातेलं आत सरकवलं, किटली दिली, मामींनी वाट्या दिल्या. वसाहतीतली मुलं जमली होती, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं की आत कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, तिघंही, पण आता बरं आहे.

सांदणं संपली आणि काच पूर्ण खाली आली. आम्हाला वाटलं, आता मामा उतरणार. मी दाराकडे हातही नेला. मामा म्हणाले, "राहू दे. अक्काला सोडून येतो."

"अहो, वर माणसं बसलीयेत!" मामी म्हणाल्या. "जेवायची थांबलीयेत!"

"वाढ त्यांना. माझं फणसावर झालं. आणि हिची सून म्हणे कुरडया उत्तम तळते."

"वाढदिवस तुमचा आहे!"

"झाला की," मामा म्हणाले, आणि कपाळाकडे बोट केलं.

सासूबाईंनी गिअर टाकला. नवरा म्हणाला, "आई, आम्ही?"

"जागा कुठे आहे?" त्या म्हणाल्या. खरं तर मागे दोन माणसांची जागा होती, पण मामा सीटवर मधोमध ऐसपैस बसले होते, दोन्ही हात दोन्ही पुढच्या सीटवर टाकून, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कोणी सरका म्हणालं नसतं. गाडी सावकाश वळली, गेटातल्या वॉचमनला सासूबाईंनी हॉर्न दिला, आणि ती दिसेनाशी झाली.

आम्ही तिघं, मामी, आणि मोकळं पातेलं असे झाडाखाली उरलो.

"चला वर," मामी म्हणाल्या. "श्रीखंड केलंय, ते काही थांबायचं नाही."

वर सगळे पाहुणे पाटावर बसून होते. मामी त्यांना म्हणाल्या, "ते बहिणीला सोडायला गेलेत," आणि एवढ्यावर, ज्यांना ज्यांना ती जुनी गोष्ट ठाऊक होती, ते सगळे एकदम गप्प झाले. मग कोणीतरी म्हणालं, "वाढा, वाढा." मीही पंगतीत वाढायला लागले. नवऱ्याला मामांचा एक लेंगा मिळाला, तो त्याला आखूड झाला, तसाच तो मठ्ठा वाढत फिरला.

आमचं जेवण होतं तोवर मोहन्याहून फोन आला. मामींनी तो स्पीकरवर टाकला. मागे सासूबाईंचा आणि मावशींचा, दोघींचा एकाच वेळी बोलण्याचा आवाज येत होता, आणि कढईत काहीतरी तडतडत होतं.

"ऐक," मामा म्हणाले, "मी राहतोय इथे दोन दिवस. माझ्या गोळ्या आणि एक लेंगा पाठव."

मामींनी माझ्या नवऱ्याच्या पायांकडे बघितलं.

"लेंगा नाहीये," त्या म्हणाल्या. "गोळ्या पाठवते."